परिपूर्णता मोजायची कशी?

१८ जुलै १९७६, मॉन्ट्रियल ऑलिंपिक. रोमानियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची अनइव्हन बार्सवरची कसरत संपवून खाली उतरली आणि गुणफलकावर आकडा झळकला: १.००. प्रेक्षकांना काही कळेना. इतकी देखणी कसरत आणि गुण एक? मग खुलासा झाला की हा एक नसून दहा आहे. फलकावर तीनच अंक मावत होते. कुणाला दहापैकी दहा मिळतील, अशी सोयच करून ठेवलेली नव्हती.

तेव्हा गुण देण्याची पद्धत मुळात वजाबाकीची होती. वरची मर्यादा दहा. गुडघा वाकला, काही गुण वजा. उतरताना पाय हलला, आणखी वजा. वजा करायला काहीच सापडलं नाही, तर दहा. २००६ पासून ही पद्धत बदलली. आता एक आकडा कसरत किती अवघड होती त्याचा आणि दुसरा ती किती सफाईने केली त्याचा. सफाईचे गुण आजही दहातून वजा होत जातात, पण अवघडपणाला वरची मर्यादा नाही. त्यामुळे एकूण गुणांमध्ये ‘पैकीच्या पैकी’ असं काही उरलेलंच नाही. कितीही चांगलं केलं तरी त्याच्या वर जागा शिल्लक असते.

खेळाच्या नियमात झालेल्या या बदलाच्या मुळाशी असलेला प्रश्न निदान अडीच हजार वर्षं जुना आहे. परिपूर्ण कशाला म्हणायचं? ज्यात दोष नाही त्याला, ज्याला सीमा नाही त्याला, की ज्याचं काम पूर्ण झालं त्याला? या तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत. तत्त्वज्ञांनी, धर्मांनी आणि कवींनी त्या आलटूनपालटून वापरल्या. आपण मात्र बोलताना तिन्ही एकत्र कालवतो आणि शेवटी हातात राहते ती फक्त दोष मोजणारी पट्टी. ही पट्टी कामाला लावायला उत्तम आहे. माणसाला लावली की ती घात करते, असं मला वाटतं, आणि तिचा इतिहास पाहिला तर तुम्हालाही बहुधा तसंच वाटेल.

परिपूर्ण चोर

अ‍ॅरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या पाचव्या पुस्तकात या कल्पनेची फोड केली आहे. एक, ज्याचा कुठलाही भाग बाहेर राहिलेला नाही ते. दोन, आपल्या प्रकारात ज्याच्या पुढे कुणी जाऊ शकत नाही ते. तीन, जे आपल्या अंतिम हेतूपर्यंत पोचलं ते. दुसऱ्या अर्थासाठी तो परिपूर्ण वैद्य आणि परिपूर्ण बासरीवादक अशी उदाहरणं देतो आणि लगेच म्हणतो की परिपूर्ण चोरही असू शकतो. म्हणजे त्याच्या लेखी परिपूर्णता आणि चांगुलपणा आपोआप एकत्र येत नाहीत. अमुक एक गोष्ट कशासाठी आहे हे आधी ठरवायचं आणि मग ती तिथवर पोचली का ते बघायचं. विळी बोथट नसली, कांदा नीट चिरत असली की विळी म्हणून ती पूर्ण झाली; तिच्या पाटाला पडलेल्या ओरखड्याचा इथे काही संबंध नाही.

या विचारात एक मोठी सोय आहे: परिपूर्णता गाठता येते. ग्रीकांना अमर्याद गोष्टींचं वावडंच होतं. ज्याला शेवट नाही ते त्यांच्या नजरेत अर्धवट, आकार न आलेलं. पार्मेनिडीस ‘असणं’ या गोष्टीची तुलना सगळीकडून सारख्या, गोल चेंडूशी करतो, ती याच ओढीतून.

पुढे ख्रिस्ती धर्मविचारात काटा उलटा फिरला. देव परिपूर्ण आणि देव अनंत, तेव्हा जे अनंत तेच परिपूर्ण. चौथ्या शतकातला निसाचा ग्रेगरी तर म्हणतो की सद्गुणाच्या पूर्णत्वाला एकच सीमा आहे, आणि ती म्हणजे त्याला सीमाच नाही. माणसाने पुढे जात राहायचं, तेच त्याचं पूर्णत्व. आपल्याकडे अनंताची ही भाषा त्याच्याही पुष्कळ आधीची आहे. ‘पूर्णमदः पूर्णमिदम्’ हा बृहदारण्यक उपनिषदातला मंत्र ईशावास्याचा शांतिपाठ म्हणून अनेकांना पाठ असतो. पूर्णातून पूर्ण काढून घेतलं तरी पूर्णच उरतं, असं तो सांगतो. मंत्र म्हणताना आपण थांबत नाही, पण जरा थांबून पाहा: ज्यातून काढून घेतल्यावर काही कमी होत नाही, त्याला वजाबाकीची पट्टी लागूच होत नाही.

अकराव्या शतकात अन्सेल्म या ख्रिस्ती साधूने याच कल्पनेतून देव सिद्ध करायचा प्रयत्न केला. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो देव. आणि नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं थोर. म्हणून देव आहेच. गौनिलो नावाच्या दुसऱ्या साधूने तेव्हाच विचारलं, मग ज्याहून सुंदर बेट असू शकत नाही असं बेटही असलंच पाहिजे की! कांटने १७८१ मध्ये युक्तिवादाच्या मुळावरच बोट ठेवलं: खिशातल्या शंभर नाण्यांत कल्पनेतल्या शंभर नाण्यांपेक्षा एकही नाणं जास्त नसतं. ‘असणं’ हा काही यादीत वाढवता येणारा गुण नव्हे.

आठ कलांचा फरक

परिपूर्णतेची कल्पना वाट कशी अडवते हे पाहायचं असेल तर खगोलशास्त्रासारखं उदाहरण नाही. वर्तुळ हा सगळ्यात परिपूर्ण आकार आणि आकाश हे परिपूर्णतेचं घर, म्हणून ग्रह वर्तुळातच फिरणार, हे प्लेटोच्या काळापासून जवळजवळ दोन हजार वर्षं पक्कं मानलं गेलं. ग्रह प्रत्यक्षात तसे फिरताना दिसत नव्हते. मग टॉलेमीने वर्तुळांवर वर्तुळं चढवली. १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्य मध्यभागी आणला, पण वर्तुळ त्यालाही सोडवलं नाही.

योहानेस केप्लर मंगळाच्या कक्षेवर काम करत होता. टायको ब्राहेने डोळ्यांनी आणि मोठमोठ्या यंत्रांनी वर्षानुवर्षं घेतलेली निरीक्षणं त्याच्या हाती होती. वर्तुळ धरून त्याने मंगळाची जागा काढली, तर निरीक्षणाशी जवळजवळ जुळली. फरक फक्त आठ कलांचा (कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो त्याच्या साधारण पाव हिश्शाएवढा. दुसऱ्या कुणी तो निरीक्षणाच्या खाती टाकून दिला असता. टायकोचं निरीक्षण इतकं चुकणार नाही, याची केप्लरला खात्री होती. त्या आठ कलांसाठी त्याने सगळी आकडेमोड पुन्हा केली आणि १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलं की मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे. गंमत अशी की हे लंबवर्तुळ फारच थोडं चपटं आहे. त्याची रुंदी लांबीपेक्षा अर्ध्या टक्क्याहूनही कमीने कमी आहे. कागदावर काढलं तर डोळ्याला ते वर्तुळच वाटेल.

त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने दुर्बिणीतून चंद्रावरचे डोंगर पाहिले. आकाशातला गोल खडबडीत असणं काहींना पटेना. लोदोविको देल्ले कोलोम्बे या विद्वानाने तोड काढली: डोंगर असतील, पण त्यांच्यावर न दिसणाऱ्या पारदर्शक स्फटिकाचा गुळगुळीत थर असणार. गॅलिलिओ म्हणाला, ठीक आहे, मग त्याच न दिसणाऱ्या स्फटिकाचे आणखी उंच डोंगर चंद्रावर आहेत, असं मी म्हणतो.

या सगळ्यात केप्लरचं मोठेपण मला विशेष वाटतं. वर्तुळाचं आकर्षण त्यालाही होतंच. तरी समोरचा मंगळ आणि मनातलं वर्तुळ यांत त्याने मंगळ निवडला.

कीड लागलेलं रत्न

साहित्यात हा वाद सगळ्यात सुरेख रंगला तो आपल्याकडे, संस्कृत काव्यशास्त्रात. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची व्याख्या केली: शब्द आणि अर्थ दोषरहित हवेत, गुणयुक्त हवेत, अलंकार क्वचित नसले तरी चालतील. पहिली अट निर्दोष असण्याची.

चौदाव्या शतकात कलिंगातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त याच अटीला हात घातला. तो म्हणतो, निर्दोष असेल तेच काव्य म्हटलं तर काव्य फारच विरळा सापडेल किंवा सापडणारच नाही. मग तो एक प्रसिद्ध श्लोक पुढे करतो. लंका वेढली गेली आहे आणि रावण स्वतःवरच चिडून बोलतो आहे: मला शत्रू असावेत हाच मुळात माझा अपमान, त्यात शत्रू कोण तर हा एक तपस्वी, तोही इथे माझ्या दारात येऊन राक्षस मारतो आणि रावण अजून जिवंत आहे! या श्लोकाच्या पहिल्याच शब्दांत क्रमाचा दोष आहे. ज्यावर भर द्यायचा तो शब्द चुकीच्या जागी पडला आहे. व्याकरणाचा आणि शास्त्राचा जाणकार तो लगेच दाखवील. पण ध्वनिकाव्याचा, म्हणजे थेट न सांगता सुचवलेला अर्थ ज्यात मुख्य असतो अशा काव्याचा, उत्तम नमुना म्हणून हाच श्लोक जुन्या आचार्यांनी गौरवला होता. मग काय करायचं? दोष असलेला तुकडा तेवढा काव्य नाही आणि उरलेलं काव्य आहे, असं म्हणायचं? विश्वनाथ म्हणतो, तसं केलं तर दोन्ही बाजूंनी ओढ बसून ते ना धड काव्य राहील ना अकाव्य.

त्याचं उत्तर असं: किडीने भोक पाडलं म्हणून रत्नाचं रत्नपण जात नाही. फार तर त्याचं मोल कमी-जास्त होईल. काव्य कशाने होतं, तर रसाने. रस आहे तर काव्य आहे. दोष त्याची प्रत ठरवील, त्याचं अस्तित्व नाही.

हे वाचताना विश्वनाथाचा तोल पाहण्यासारखा आहे. दोष म्हणजे सौंदर्यच, असं तो म्हणत नाही. आपल्या ग्रंथात दोषांसाठी त्याने वेगळा परिच्छेद राखून ठेवला आहे आणि तिथे एकेक दोष बारकाईने वर्गवार लावला आहे. त्याने फक्त दोन प्रश्न वेगळे केले. ही गोष्ट मुळात काय आहे, हा एक. ती किती चांगली झाली आहे, हा दुसरा. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर समास लिहिला आणि अक्षर पहिल्या पानापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, असं सांगितलं, ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे काटेकोरपणा हवाच.

अ‍ॅरिस्टॉटलही नाटकाच्या रचनेबद्दल असाच कडक आहे: एक भाग काढला तर सगळं विस्कटलं पाहिजे, इतकी बांधणी घट्ट हवी. पण शोकांतिकेचा नायक मात्र त्याला अगदी निर्दोष नको आहे. सर्वगुणसंपन्न माणसाचा नाश बघून भीती आणि करुणा वाटत नाही, नुसता धक्का बसतो, असं तो सांगतो. म्हणजे रचना परिपूर्ण हवी आणि ती ज्याच्याबद्दल आहे तो माणूस अपूर्ण.

माणसाला लावलेली पट्टी

धर्मांनी माणसाच्या परिपूर्णतेबद्दल दोन टोकांची उत्तरं दिली. ‘तुमचा स्वर्गीय पिता परिपूर्ण आहे तसे तुम्हीही व्हा,’ असं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. पाचव्या शतकात पेलाजियस हा ख्रिस्ती उपदेशक म्हणाला, आज्ञा दिली आहे म्हणजे ती पाळणं शक्य असणारच. माणूस स्वतःच्या इच्छाबळावर पापमुक्त राहू शकतो. धर्माचार्य ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला: देवाच्या कृपेवाचून ते होणे नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली. वरवर पाहता पेलाजियस आशावादी वाटतो. पण त्याच्या म्हणण्यात एक मेख आहे. परिपूर्ण होणं तुमच्या हातात आहे, तर प्रत्येक उणीव हा तुमचा गुन्हा ठरतो.

हे पुढे कुठवर जाऊ शकतं ते अमेरिकेत दिसलं. जॉन हम्फ्री नॉइज या धर्मोपदेशकाने १८३४ मध्ये आपण पापमुक्त झाल्याचं जाहीर केलं आणि १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ओनायडा इथे अनुयायांची वसाहत उभारली. ते लोक स्वतःला परिपूर्णतावादीच म्हणवत. मालमत्ता सामाईक, संसार सामाईक. त्यांच्याकडे ‘परस्पर टीका’ नावाचा रिवाज होता: एकाने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याचे दोष तोंडावर सांगायचे. १८६९ पासून तर कोणी कोणापासून मूल होऊ द्यायचं हेही समिती ठरवू लागली, उद्देश हा की पुढची पिढी अधिक चांगली निपजावी. दहा वर्षांनी खटल्याच्या भीतीने नॉइज कॅनडात पळाला. वसाहतीची १८८१ मध्ये भागभांडवलाची कंपनी झाली आणि पुढे ती काटे-चमच्यांसाठी प्रसिद्ध झाली.

गीतेचा सूर वेगळा आहे. अठराव्या अध्यायात कृष्ण म्हणतो, ‘सहजं कर्म कौन्तेय सदोषमपि न त्यजेत्’: वाट्याला आलेलं कर्म सदोष असलं तरी सोडू नये, कारण आगीला धूर असतो तसा प्रत्येक आरंभाला दोष असतोच. कर्मापुरतं पाहिलं तर हा मोठा दिलासा आहे. पण याच श्लोकाच्या आधारे जन्माने वाट्याला आलेला धंदा सोडायचा नाही, असंही शतकानुशतकं सांगितलं गेलं, हे विसरून चालणार नाही. निर्दोषत्वाच्या कल्पनेने आपल्या समाजात सगळ्यात क्रूर रूप घेतलं ते शुद्धाशुद्धतेचं. काही माणसं जन्मतःच शुद्ध ठरली आणि काही जन्मतःच विटाळ.

चोखोबांचा अभंग इथे आठवतो. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा.’ विश्वनाथ श्लोकाबद्दल जे म्हणाला तेच चोखोबा माणसाबद्दल म्हणतात, आणि बहुतेक त्याच शतकात, आणि देवळाच्या बाहेर उभं राहून. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं व्हायला साने गुरुजींचं १९४७ मधलं उपोषण लागलं.

युरोपात हीच पट्टी विज्ञानाचा पोशाख घालून आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लपून बसलेल्या काँदोर्सेने मानवजात अमर्याद सुधारत जाऊ शकते असं लिहिलं आणि १७९४ मध्ये तो कोठडीत मेला. त्याची कल्पना उदार होती: शिक्षण, समता, स्त्रियांचे हक्क. पण १८८३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने सुप्रजननशास्त्राला, म्हणजे कोणाला मूल व्हावं हे ठरवून माणसाची पैदास ‘सुधारण्याच्या’ विचाराला, नाव दिलं तेव्हा सुधारणा शाळेतून निघून रक्तात गेली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अयोग्य’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा वैध मानला. १९३३ मध्ये नाझी जर्मनीने असाच कायदा केला आणि त्याखाली सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली.

या कथेत एक मराठी बाई आहेत आणि त्यांची हकीकत अधिक लोकांना माहीत असायला हवी. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. ज्या संस्थेत त्या शिकत होत्या तिच्या नावातच सुप्रजनन होतं आणि मार्गदर्शक होते ऑइगेन फिशर, वंशभेदाच्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते. इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवटीच्या असमानतेचा: डावी-उजवी बाजू किती वेगळी असते आणि त्याचा वंशाशी संबंध लागतो का. त्यांनी कवट्या मोजल्या. असमानता सगळ्यांत होती, वंशाशी तिचा संबंध काही लागला नाही, आणि मार्गदर्शकाला काय आवडेल याचा विचार न करता त्यांनी तसं लिहून दिलं. कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसणं हीच माणसाची सर्वसाधारण स्थिती आहे. केप्लरच्या आठ कलांइतकाच मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो.

आज कवट्या कोणी मोजत नाही. पट्टी आता आतून लागते. १९९१ मध्ये ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून अवाजवी अपेक्षा, इतरांकडून अवाजवी अपेक्षा, आणि ‘जग माझ्याकडून परिपूर्णतेची अपेक्षा करतं’ ही भावना. तिसरा प्रकार नैराश्य आणि चिंतेच्या सगळ्यात जवळचा. करन आणि हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४० हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून पाहिली, तर तिन्ही प्रकार वाढलेले होते: पहिला १० टक्के, दुसरा १६ टक्के आणि तिसरा ३३ टक्के. महाराष्ट्रात दहावीच्या निकालादिवशी पंच्याण्णव टक्के मिळवलेलं मूल ‘पाच कुठे गेले?’ हा प्रश्न ऐकतं, तेव्हा ही तिसरी भावना कशी रुजते ते समजायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

यावर ‘मग चालढकल चालू द्यायची का?’ असं कोणी विचारील. उत्तर विमानवाहतुकीत आहे, कारण तिथे चूक खरोखरच परवडत नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये वैमानिकांसाठी चुका गुप्तपणे कळवण्याची यंत्रणा सुरू झाली. ती चालवते नासा. विमान कंपनी नाही आणि शिक्षा करणारं खातंही नाही. आपल्या हातून नकळत नियम मोडला आणि दहा दिवसांच्या आत वैमानिकाने तो स्वतःहून कळवला, तर सहसा त्याला दंड होत नाही. अपघात आणि गुन्हे यात धरत नाहीत. अहवालातून नाव-गाव काढून टाकलं जातं आणि उरलेला मजकूर सगळ्यांना वाचायला खुला ठेवला जातो.